पाण्यातला ग्राइंडर

मंगळवार, ४ मार्च

बातमी पक्की! मिस्त्रीकाकांचा धार लावायचा जुना ग्राइंडर विकायला आहे. खुद्द त्यांच्या सुनेनेच फोनवर सांगितलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काका वर्कशॉप कायमचं बंद करतायत. लेथ गेला, ड्रिल गेलं, राहिला तो हा. रविवारपर्यंत कुणी नेला नाही तर भंगारवाला उचलणार.

दिवसभर डेस्कवर बसून दुसऱ्यांच्या बातम्या कापत होते, डोक्यात मात्र ते चाक फिरत होतं. मोठ्या ताटाएवढं दगडी चाक, खाली पाण्याची टाकी — दगड पाण्यातून भिजत वर येतो, अगदी संथ. पातं तापतच नाही! सुऱ्या करणारीला आणखी काय हवं?

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "का? घरात धार कमी पडतेय का?"

बुधवार, ५ मार्च

ताईच्या कँटीनमध्ये गेले. मनगटाला पट्टा बांधून कोबी चिरत होती. डॉक्टरांनी बजावलंय — हात सांभाळा, नाहीतर काम सोडा. मी करून दिलेली सुरी वापरते म्हणून निभावतंय. करवतीसारखी उभी मूठ केली तिची, मनगट वाकवावं लागत नाही.

"माझं भागलं गं, पण बाकीच्या बायांचं काय? त्यांचेही हात ठणकतात. सगळ्यांचा माझ्या सुरीवर डोळा! जेवायला बसले तरी बरोबर घेऊन बसते."

पण कानशीने घासून एका पात्याचा धारेकडचा उतार काढायला मला महिना लागतो. या वेगाने शेवटच्या बाईला सुरी मिळेल तेव्हा तिचा हात कामातून गेलेला असेल.

घ्यावाच का?

गुरुवार, ६ मार्च

शहाणपणा केला. म्हटलं, विकत कशाला, गल्लीतल्या वेल्डरकडचा ग्राइंडर वापरून बघू. भन्नाट वेग! ठिणग्या काय! दोन क्षणांत माझ्या पात्याचं टोक तापून निळं पडलं.

वेल्डर शांतपणे म्हणाला, "गेलं पाणी त्याचं. आता लोणी कापा याने."

एका महिन्याची मेहनत. असो. संथ चाकच हवं, हे तरी कळलं.

शुक्रवार, ७ मार्च

पाहून आले. घोर निराशा.

बटण दाबलं आणि सगळा सांगाडा थडथडायला लागला. फळीवरचे नट-बोल्ट खाली. नवरा टेप घेऊन आला होता, तो दारात जाऊन उभा राहिला. काका खुर्चीतूनच ओरडले, "बंद करा! बंद करा!" डॉक्टरांनी त्यांना खाली वाकायला मनाई केलीय, त्यामुळे सगळा कारभार खुर्चीतून.

"चाकाचा शाफ्ट वाकला असणार," म्हणाले. "माझ्यासारखाच झालाय. नेऊ नका, बाई. उद्या तक्रार घेऊन याल, ती ऐकायचा दम नाही माझ्यात."

परतताना नवऱ्याने गॅलरीचं माप घेतलेला कागद खिशात घडी घालून ठेवला. फेकला नाही, हे मी पाहिलं.

संध्याकाळी —

थांब थांब थांब! आत्ता धार लावायचा माझा छोटा दगड बादलीतून काढला. नेहमीसारखे बुडबुडे. आणि हाताला चांगला जड लागला. दगड पाणी पितो! काकांच्या चाकाचा खालचा भाग काळपट होता, वरचा पांढुरका. एक बाजू पिऊन फुगलेली, दुसरी कोरडी — मग ते झोकांड्या खाणार नाही तर काय!

शाफ्ट नाही. पाणी!

शनिवार, ८ मार्च

सकाळीच गाठलं त्यांना. "काका, टाकीत पाणी आहे का?"

"छे! काम संपलं की टाकी रिकामी. जन्मात कधी चुकलो नाही."

मी टाकीवरचा पत्रा उचलला. काठोकाठ! काका खुर्चीतून अर्धे उठले. "कुणी भरलं हे?"

आतून सूनबाई: "मी! गिऱ्हाईक येणार, कोरडी टाकी बरी दिसते का?"

"अगं, त्या दगडाला जलोदर झाला!"

तिघंही पोट धरून हसलो. टाकी उपसली. दगड आता रोज थोडा थोडा फिरवत वाळवायचा. भंगारवाल्याला मीच फोन करून आठवडाभर थांबवलं. डेडलाइन पुढे ढकलून घेण्यात माझा हात कोण धरणार!

मंगळवार, ११ मार्च

सुनेचा निरोप: थडथड कमी आहे. ऑफिसात मथळा दोनदा चुकवला.

शनिवार, १५ मार्च

थडथड नाही!! टाकीच्या काठावर चहाचा कप ठेवला, चहा हलला नाही.

काका उठले. सुनेच्या हातातली भाजीची सुरी घेतली, टाकीत ताजं पाणी सोडलं आणि दगडाला पातं लावलं. डोळे मिटून! आवाजावर काम चालतं म्हणे. मग माझं एक पातं. मी महिना घालवते तो उतार चहा निवायच्या आत तयार. मला पुढे बसवलं. "दाबू नकोस. टेकव फक्त. हां… आता ऐक." इतके दिवस अहो-जाहो करत होते, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

ठरलं. घेते. उद्या टेम्पो. नवऱ्याने गॅलरी धुऊनसुद्धा काढली.

रविवार, १६ मार्च

सौदा मोडला. काका ग्राइंडर देत नाहीत. पहाटे उठून स्वतः वर्कशॉपचं शटर उघडलं म्हणे. सांगताना सून रडत होती की हसत होती, कळेना.

नवरा: "गुपचूप आणून घरी वाळवला असतास तर!" तासभर मीही तेच म्हणत होते.

मग काकांचा फोन. "मशीन माझं, सुऱ्या तुझ्या. होतील तेवढी पाती घेऊन ये. अर्धी मी करीन, अर्धी तू. चुकलीस तर ओरडेन."

उद्या सकाळी सातला बोलावलंय. ताई येतेय, कँटीनच्या बायांना घेऊन — मुठींची मापं द्यायला.