उजव्या बाजूची खुर्ची

सोमवार, १० नोव्हेंबर

सुद्याचा उजवा कान बंद पडला. काल सकाळी उठला तेव्हापासून. आत शिट्टी वाजते म्हणतो — लांब रेल्वे जावी तशी, आणि ती जातच नाय. पाणी गेलं असेल म्हणून एका पायावर उड्या मारल्या येड्यानं. एवढा मोठा घोडा!

मी लसूण टाकून तेल कोमट केलं, कानात सोडलं, वर कापूस. आमच्या सात पिढ्या याच तेलावर ऐकत आल्या.

कान म्हणजे त्याचं पोट आहे. नातवाचा धंदा काय ते लोकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. गाणारा गातो, वाजवणारा वाजवतो, तिसरा कुणी ते सगळं एकत्र करतो. मग शेवटी गाणं आमच्या गारखेड्यातल्या मागच्या खोलीत येतं. सुद्या त्याच्यावरून शेवटचा हात फिरवतो. कुठं टोचतं, कुठं दबतं, मोबाईलवर कसं वाजेल, गाडीत कसं, मांडवात कसं. मास्टरिंग म्हणतात. नवरी नटवणाऱ्या वेगळ्या असतात. पण बोहल्यावर न्यायच्या आधी 'अगं, मुंडावळी वाकडी झाली' म्हणणारी एक खवट म्हातारी लागते. सुद्या ती म्हातारी.

आता इंद्रजीत म्हणून एक गाणी बांधणारा आहे, त्याची हळदीची गाणी आलीत. लग्नं सुरू झाली, गाणी बाहेर पडायला पाहिजेत.

'पप्पांना सांगू नको' — शपथ घातली मला. बद्री माझ्याच पोटचा, पण त्याच्या डोक्यात एकच. पोरानं हे टिंगटांग सोडावं, बजाजनगरला येऊन राहावं, त्याच्यासारखी कंपनीत शिफ्ट करावी. त्याला कळलं तर आजच्या आज उचलून नेईल. सांगत नाय. पण माझं तोंड फाटकं, आत काही टिकत नाय, म्हणून इथं लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर. कुणाला वाचता येणार नाय ते एक बरं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पुन्हा तेल. तेल गेलं उशीत, कान होता तिथंच.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दवाखान्यात चल म्हणलं तर 'सर्दीनं बसलाय आजी, सुटेल. आधी गाणी तर देऊन टाकू दे.' चार वेळा म्हणलं. पाचव्यांदा त्यानं दार लावून घेतलं.

आज चहा घेऊन आत गेले. त्या खोलीच्या भिंतींना माझ्याच गोधड्या टांगल्यात. आवाज पितात म्हणे. माणसाला पांघरायला शिवल्या, पांघरल्या भिंतीनं. गाणं चालू होतं. समोर दोन काळी कपाटं — स्पीकर म्हणतो तो — एक डावं, एक उजवं. उजव्यातून झांज अशी यायली होती की दात आंबले माझे. आहेत तेवढे.

'अरे, इकडं पत्रा कोण खरडायलंय?'

'कुठं?'

'उजवीकडं!'

खुर्ची फिरवली त्यानं. डावा कान तिकडं केला. ऐकलं. तोंड पांढरंफटक.

'कधीपासून हे असं?'

मला विचारतो! मी वाजवलं का ते? त्यानंच केलेलं सगळं. तिकडचं कमी येतं म्हणून वाढवत गेला असणार, वाढवत गेला असणार.

चहावर साय धरली. मग म्हणला, 'उद्या जाऊ.'

शनिवार, १५ नोव्हेंबर

कानाची डॉक्टरीण, पोरगीच. काचेच्या खोलीत बसवलं त्याला, कानावर डबे लावले. आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेतून बघत होते. डाव्या कानाला पटापटा दाबलं. मग उजवा लावला. हात गुडघ्यावर. हलेचना. मला वाटलं मशीन बंद पडली.

'आतली नस गेली असावी. अशा वेळी पहिल्या दिवशीच यायचं असतं, आजी. तेल कोणी घातलं?'

'मी.'

तेलानं बिघडलं नाय म्हणली. पण दिवस गेले ते गेले. हे ती बोलली नाय, तिच्या तोंडावर होतं.

भारी गोळ्या दिल्यात. कान परत येतो, कधी येत नाय, हमी नाय. आणि डाव्याचं दोनदा बजावलं — मोठा आवाज बंद, काम बंद. एखाद्याचा दुसराही जातो म्हणली. डाव्यात जरा कमी वाटलं की त्याच दिवशी आणा, थांबू नका.

रिक्षात बसल्या बसल्या सुद्या म्हणला, 'काम बंद! तिला काय जातंय बोलायला.'

एक ठेवून द्यावी वाटली. नाय दिली. द्यायची तरी कोणत्या बाजूला?

बुधवार, १९ नोव्हेंबर

गोळ्यांनी तोंड सुजलंय. भूक राक्षसाची, झोप नाय, बोललं की अंगावर येतो.

आज बद्री आला पेरू घेऊन. 'माय, हा असा फुगला कामून?'

'माझ्या हातचं खातोय. तुझ्या घरी तर वाळून आला होता.'

हसला. बायकोला सांगेन म्हणला. सुद्या सगळा वेळ बापाला डाव्या अंगाला घेऊन बसला. बद्रीच्या काही ध्यानात आलं नाय. तो पोराकडं बघत नव्हता, त्या खोलीच्या दाराकडं बघत होता. 'अजून चालूच का हे?'

माझ्या तोंडात आलं होतं. पेरूचा तुकडा घातला तोंडात. बी अडकलं दातात, दिवसभर सलतंय.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पुन्हा काचेची खोली. कागदावर उजव्या कानाची रेघ होती तिथंच, खाली, तळाला. डॉक्टरीण म्हणली, 'उजव्याचं आता धरून चालू नका.' किती सरळ बोलतात ही माणसं. मलाही तसंच बोलायची सवय आहे, ऐकायची नाय.

घरी आल्यावर त्यानं गाणं लावलं आणि उजव्या कपाटावर तळहात टेकून उभा राहिला.

'थरथर कळते, आजी.'

मी म्हणलं, जेवून घे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

नवीन खूळ! त्याच्या खुर्चीच्या उजव्या हाताला माझी खुर्ची मांडली.

'इथं बस. टोचलं की सांग.'

'मला काय कळतंय रे?'

'कळायचं काही नाय. दात आंबले की सांग.'

पडद्यावर रंगीत काटे नाचतात. आवाज किती मोठा आहे ते सांगतात, टोचतंय का ते सांगत नाय. वायरी उलट्यापालट्या करून तो उजवीकडचं डाव्या कानानं ऐकतो. पण दोन्ही अंगांचं एका वेळी कळत नाय. म्हणून मी.

'तुझेही वरचे आवाज गेले असतील या वयात,' म्हणला. 'पण काहीच नसण्यापेक्षा बरं.'

काय पण मान!

बसले. दिवसभर बसले. निम्मं चुकलं माझं. सनई वाजायला लागली तर मी हात वर केला. 'आजी, ती तशीच असते.' ढोलकीला हात वर केला नाय, तर तीच दबलेली होती. शेवटी डोकं भणभणलं. पोरगं माझ्या हाताकडं असं बघतं, जसं काय माझ्या हातात त्याचा कान आहे.

उठून जावं वाटतं. मी उठले तर तो एकटा करेल, एका कानानं, अजून मोठ्यानं लावून. बसले तर त्याला वाटतं चाललंय, जमतंय. बसलं तरी खड्डा, उठलं तरी खड्डा.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

इंद्रजीत आला. समोर बसून ऐकायचं म्हणला. सुद्याला घाम. आधीच ठरवलं होतं — मी मेथी निवडत उजवीकडं बसायचं. टोचलं की डोक्यावरचा पदर पुढं ओढायचा.

इंद्रजीत दारातच म्हणला, 'आजी इथंच बसणार का?'

'माझं घर हाय, बापू. तुझ्या गाण्याला माझी दृष्ट लागती का?'

गाणी छान आहेत, खोटं कशाला बोलू. गाणारी राजनंदिनी, तिच्या गळ्यात हळद ओली आहे. दुसऱ्या गाण्यात झांज टोचली. पदर ओढला. सुद्यानं काहीतरी फिरवलं, झांज मऊ झाली. तिसऱ्यात पुन्हा ओढला.

'आजी, थंडी वाजायली का?'

'हां. तू दार उघडं टाकलंस.'

इथवर ठीक होतं. मग त्याचं सुरू झालं. 'सुदर्शनभाऊ, अजून चढव. डीजेवर आपल्या आधी दुसऱ्याचं गाणं वाजलं ना, की आपलं पडतं.'

'जास्त चढवलं की फाटतं, दादा.'

'फाटू दे की! हळदीत कोण एवढं बारीक ऐकतंय?'

सुद्यानं चढवलं. इंद्रजीत म्हणला, अजून. सुद्यानं अजून चढवलं. माझ्या मांडीवरची मेथी थरथरायली. त्याचा डावा कान लालबुंद दिसत होता. तसा नसेलही, मला दिसत होता.

'बास करा रे! माणसाचे कान हायेत का ढोल?'

इंद्रजीत टाळी देत हसला. 'आजी वैतागली म्हणजे लग्नात हिट!'

सुद्याही हसला. आणि अजून जरासं चढवलं. माझ्याकडं बघितलं नाय.

एकच वाक्य होतं माझ्या जिभेवर — एका कानाचा आहे तो. बोलले असते तर हे काम त्याच पायी परत गेलं असतं. पोराचं नावही गेलं असतं, गावभर. मी, जिनं सासऱ्याला तोंडावर बोलून दाखवलं, ती मेथीच्या काड्या मोडत बसले. पानं काड्यांत गेली आणि काड्या भाजीत.

रविवार, ३० नोव्हेंबर

गाणी गेली एकदाची. सुद्या दिवसभर झोपला. मी दारात बसून होते, कुणी मोठ्यानं बोलू नये म्हणून. उठवलं कुणीच नाय, तर मीच दोनदा बघून आले, उठतो का.

गुरुवार, ४ डिसेंबर

मागच्या गल्लीतून वरात गेली. तेच गाणं! खिडकीच्या काचा नाचल्या. सुद्या पळत गच्चीवर. मी मागून गुडघे धरत. खाली पोरं नाचायली होती, नवरदेव घोड्यावर, आणि आमचा येडा कठड्याला धरून हसत होता. महिन्यानं असा मोकळा हसला. मी त्याच्या डाव्या कानावर हात ठेवला. झटकला.

संध्याकाळी इंद्रजीतचा फोन. अजून दोघं काम पाठवणार आहेत. 'लोक विचारायलेत, मास्टरिंग कोणाची.'

मी म्हणलं, 'सोड आता. बापाकडं जा.'

'कंपनीत काय भजन चालतं का आजी? तिथली मशीन ऐकली का कधी? आणि कामावर घ्यायच्या आधी ते कान तपासतात.'

मी उठून भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

'डावा कसा आहे?' रोज विचारते.

'एकदम टकाटक.' रोज हेच.

शनिवार, ६ डिसेंबर

आज मशीनची मोठी वायर काढली आणि ज्वारीच्या कोठीत खुपसली. म्हणलं, शोध आता. काम बंद म्हणजे बंद.

सुद्यानं खोली पालथी घातली. मग स्वयंपाकघरात आला. ओरडेल म्हणून मी कंबर कसून उभी. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी दुप्पट ओरडले असते. तो खाली बसला, भिंतीला टेकून.

'आजी, दे.'

'नाय.'

'मला दुसरं काय येतं, सांग. एक सांग. मी ते करतो.'

पाट्यावर मिरच्या होत्या. त्या वाटत राहिले. एकही आठवलं नाय. शेती भावांत वाटली, उरली ती विकली. शिकवलं तेही अर्धं. लहानपणापासून तो हेच करत आला, ताटल्या वाजवून कोणती कशी वाजते ते सांगायचा.

कोठीतून वायर काढली, पदरानं पुसली, दिली.

'खुर्चीवर येतेस ना?' म्हणला.

गेले. आणखी काय करणार होते?

मंगळवार, ९ डिसेंबर

सकाळी नळाला पाणी आलं, इतक्या दिवसांनी. सुद्याच्या दारात उभी राहून ओरडले, 'ऊठ रे, पाणी आलंय!' समोरच्या घरातून सरूबाई हंडा घेऊन धावत बाहेर आली.

सुद्या उठून बसला. माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

'आजी, आज एवढी हळू कामून बोलायलीस? घसा बसला का?'