सुरत वगळून महाराज

गुरुजी, शिवजयंतीच्या भाषणांसाठी ठेवलेली तुमच्या नावाची फिरती ढाल परवा पहिलीतल्या एका मुलाला दिली. त्यानं दाढी चिकटवली होती, कमरेला पत्र्याची तलवार होती, आणि त्यानं घसा फोडून घोषणा दिल्या. भाषण असं काही नव्हतंच. मुलावर माझा राग नाही. दाढी सुटत होती, ती एका हातानं धरून तो बिचारा उभा होता. राग आहे तो ढाल देणाऱ्यांवर. तुमची विद्यार्थिनी म्हणून दरवर्षी ती माझ्या हातून देतात. या वर्षी माझं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, मी खुर्चीवरून उठले नाही. शेवटी अध्यक्षांनी स्वतःच उरकून घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे तुम्हाला कळवून काय उपयोग, ते मला समजतं. पण ज्यांना सांगायचं त्यांना तोंडावर सांगून झालं आहे, आणि राग अजून उतरलेला नाही.

सुरतेच्या आपल्या लिंबायतमध्ये आता जयंती दोनदा होते. एक मंडळ तारखेला करतं, दुसरं तिथीला, आणि डीजे दोघांचा एकच. तारखेच्या मंडळाचा अध्यक्ष आपल्याच वर्गातला, मागच्या बाकावर बसून तुमच्या चालण्याची नक्कल करायचा तो. आता त्याची साड्यांची दुकानं आहेत. तुमचा फोटो त्यानंच मोठा करून घेतला आणि महाराजांच्या मूर्तीच्या उजव्या बाजूला हार घालून ठेवला. खाली लिहिलंय, ‘थोर इतिहासकार’. तुम्ही म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत सातवीला इतिहास शिकवायचात. इतिहासकार कधी झालात? तुम्ही काय करायचात हे आठवत नसलं की असे शब्द सुचतात. मला आठवतं, म्हणून मला ती पाटी वाचवत नाही.

सातवीत तुम्ही सुरतेची स्वारी शिकवत होतात, त्या आठवड्यात शेजारच्या गुजराती आजी, आम्ही त्यांना बा म्हणायचो, मला म्हणाल्या होत्या, ‘तमारा राजा तो अमारुं गाम लूंटी गया!’ हातातली चाळणी हलवत, हसत म्हणाल्या होत्या, पण मी पाय आपटत घरी आले. दुसऱ्या दिवशी भर वर्गात तुम्हाला विचारलं, आपले महाराज लुटारू होते का? मला वाटलं आता छडी. तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, ‘शनिवारी सगळ्यांनी चपला घालून या. लांब चालायचंय.’

शनिवारी शाळा सुटल्यावर आपण तापीकाठच्या जुन्या किल्ल्यापाशी उभे आहोत. तुम्ही वर्गाचे दोन भाग करता. एक भाग महाराजांचं सैन्य. त्यात घुसायला झुंबड उडते. दुसरा भाग सुरतेचे लोक, आणि मला तुम्ही खांद्याला धरून त्यात उभं करता. मी रडकुंडीला येते. ‘गुरुजी, मी मराठ्यांच्या बाजूची आहे.’ ‘राहतेस कुठं?’ ‘लिंबायतला.’ ‘लिंबायत कुठं आलं?’ ‘सुरतेत.’ ‘मग घोडे आले तर दार कुणाचं वाजेल?’ मी तरी सैन्याकडे सरकू पाहते. तुमचा आवाज चढतो. ‘बाजू नंतर घे. आधी आपल्या दारात उभी राहा.’ सगळ्या मुलांसमोर. आजही तो आवाज आठवला की मान ताठ होते.

मग तुम्ही सैन्याला विचारता, का आलात? ते नुसते ओरडतात. तुम्ही त्यांना गप्प करून सांगता, की मोगलांच्या फौजेनं वर्षानुवर्षं आपला मुलूख उजाड केलाय, खजिना आटलाय, आणि मोगलांचं सगळ्यात श्रीमंत बंदर हे. महाराजांनी आधी निरोप धाडला, इथल्या अधिकाऱ्यानं आणि बड्या व्यापाऱ्यांनी येऊन बोलणी करावीत. कोणी आलं नाही. मग तुम्ही आमच्याकडे वळता. ‘सुरतकरांनो, तुम्हाला सांभाळायचं काम कुणाचं?’ कोणीतरी किल्ल्याकडे बोट दाखवतं. ‘तो अधिकारी तर आतून कड्या लावून बसलाय,’ तुम्ही म्हणता, ‘आणि बाहेर घरं पेटलीत.’ सैन्यातली मुलंसुद्धा आमच्याकडे बघत राहतात. परत येताना एकानं भीतभीत विचारलं, की गुरुजी, असं बोललं तर महाराजांचा अपमान नाही होत? तुम्ही खो खो हसलात. ‘अरे, महाराज काय काचेचे आहेत का, खरं बोललं की तडा जायला?’

आणि आता तुमच्याच नावानं ढाल ठेवणारे हे लोक. परवा माझी एक विद्यार्थिनी बोलणार होती, रिक्षावाल्याची मुलगी, नववीतली. शाळा गुजराती, घरी अहिराणी, आणि पुस्तकी मराठी शिकायला माझ्याकडे येते. पहिलं भाषण तिनं गुजराती अक्षरांत मराठी लिहून आणलं होतं. मी कागद फेकून देणार होते. आधी वाच म्हटलं, आणि ऐकून झाल्यावर कागदाची नीट घडी करून तिच्या हातात दिली. यंदा ती म्हणाली, ‘आजी, समदे आग्राच बोलतात. मी सुरत बोलू का? आपण इथंच राहतो ना.’ गुरुजी, इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. साऱ्या महाराष्ट्रात शाळेतलं पोर सुरतेची स्वारी सांगतं. सुरतेत मात्र आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या महाराजांची जयंती करतात आणि सुरत तेवढी वगळतात. कोणी तसं ठरवलेलं नाही. शेजाऱ्यांशी बरं राहावं म्हणून अंगवळणी पडलं, इतकंच.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी अध्यक्ष माझ्या घरी. ‘ताई, पोरगी हुशार आहे. पण सुरत नको.’

‘का?’

‘प्रमुख पाहुणे गुजराती शेठ आहेत. मंडपाचं सगळं कापड त्यांनी दिलंय. माणसाला घरी बोलवायचं आणि त्याच्याच गावाची लूट ऐकवायची, बरं दिसतं का? आग्रा घ्या ना. पेटारे, मिठाई, लोकांना मजा येते.’

‘पुढच्या वर्षी आग्र्याचा पाहुणा मिळाला तर?’

‘तुम्ही पण ना, ताई! अजून वर्गातच बसल्या आहात.’

‘तू वर्गात कधी नव्हतासच.’

तो हसला, चहा प्यायला, आणि ‘बघू’ म्हणून गेला. मी मुलीला काहीच सांगितलं नाही. तिनं जे तयार केलं होतं ते तिनं बोलावं, यात मला विचार करण्यासारखं काही दिसलं नाही.

ती बोलायला उभी राहिली. आवाज बारीक, पण एक शब्द अडखळला नाही. आपण कुठं उभे आहोत, हा मंडप आहे तिथून किल्ला किती अंतरावर, असं तिनं सुरू केलं. मागची बाया-माणसं बोलायची थांबली. ‘महाराजांनी गावाबाहेर तळ दिला आणि आत निरोप पाठवला,’ इथपर्यंत आली, आणि घंटा वाजली. वेळ संपायला बराच अवकाश होता. घंटा अध्यक्षांच्या हातात होती. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, तेवढ्यात मागून डीजेवाल्यानं गाणं सोडलं. तिनं मूर्तीला हात जोडले, तुमच्या फोटोलाही जोडले, आणि खाली उतरली. रडली नाही. मग दाढीवाला मुलगा, मग ढाल, मग मी न उठणं, हे सगळं झालं.

पुढचं ऐका. मंडपामागे खमण ढोकळा आणि चहा होता. मी तिला घेऊन निघालेच होते, तर ते शेठ कागदाची डिश हातात घेऊन आमच्यासमोर आले आणि तिला म्हणाले, ‘पछी शुं थयुं, बेटा?’ मग पुढं काय झालं? तिनं मला विचारलं नाही, कोणाकडे पाहिलं नाही. गुजरातीत सांगायला लागली. निरोप, न आलेलं उत्तर, दारं फोडणारे घोडेस्वार, आगी, महाराजांचा रिकामा खजिना, किल्ल्यात दडलेला अधिकारी, सगळं. शेठांचं खाणं थांबलं. अध्यक्ष धावत आले, ‘शेठ, जवा दो ने, नानी छोकरी छे.’ जाऊ द्या ना, लहान पोरगी आहे. शेठांनी हातानंच त्यांना थांबवलं आणि तिला विचारलं, ‘पण गामना लोकोनो शुं वांक?’ गावच्या लोकांचा काय दोष?

‘कंई नहीं,’ ती म्हणाली. काहीच नाही.

शेठांनी डिश खाली ठेवली. मग नाकातून हुंकार काढून म्हणाले, ‘ने पेलो गढमां भराई गयो, एम?’ तो किल्ल्यात जाऊन बसला, असं का? ‘आवा ज होय बधा.’ सगळे असलेच. आणि गाडीत बसून गेले. रागावले की नाही, मला कळलं नाही. तिला त्याची फिकीरही दिसली नाही. ती खमण खात होती.

अध्यक्षांना मी तिथंच सांगितलं, ढालीवरून गुरुजींचं नाव काढ. ‘ताई, कोरलेलं आहे, कसं काढू?’ मी म्हटलं, मग ढाल वितळव. काल त्याचा फोन आला होता, मी उचलला नाही. पुढच्या वर्षी ती सुरत पुरी बोलेल तरच मी त्या मंडपात पाय ठेवीन, हे त्याला माहीत आहे.

हे कागद कुठं धाडायचे नाहीतच, म्हणून एवढं लिहून टाकते. शेठांनी तो प्रश्न विचारला तेव्हा उत्तर द्यायला मी पुढे झाले होते. इतिहास घेऊन बी.ए. केलेली बाई मी. मोगल, मोहिमा, काळाची गरज, सगळं ओठांवर तयार होतं. शेजारच्या बांपासून आजवर ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना मी तेच ऐकवत आले. तिचे दोन शब्द मला कधी सुचले नसते, गुरुजी.