दाताची टोपी आणि ‘बरें आसा’

प्रिय बाबा,

डिचोलीच्या दाताच्या दवाखान्यात बसून लिहितेय. माझ्याआधी अजून दोघं आहेत. कागद मांडीवर धरलाय, अक्षर वाकडं येईल. तूच पाटीवर गिरवून घेतलेलं अक्षर. रागावू नकोस.

उंडो पावाचा कडक पापुद्रा चावताना खालची दाढ अर्धी तुटली. रूट कॅनल झालं, दाढ चहूबाजूंनी घासली आणि वर तात्पुरती टोपी बसवली. आज पोर्सेलिनची, कायमची बसणार.

सुईची भीती नाही रे. जबडा दुखला की मला भीती वाटते.

आठवतं? पाळीच्या खाणीवरून ट्रक घेऊन आलास आणि डावा गाल धरून बसलास. दाढच असेल, असं मीच म्हटलं. लवंग ठेचून मीच दिली. मग विचारलं, कसं वाटतंय?

“बरें आसा गो बाये.”

मी कपडे वाळत घालायला गेले. परत आले तेव्हा तुझी मान कलली होती. डॉक्टर म्हणाले, दाढ नव्हती, हृदय होतं.

का नाही सांगितलंस? की तुझा चेहरा सांगत होता, आणि मी फक्त शब्द ऐकले?

शाळेत घालण्याआधी तू घरीच बाराखडी शिकवलीस. सोबत हेही, की कोणी विचारलं तर ‘बरें आसा’ म्हणायचं, आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायचं नाही. मध्ये काही काळ खाण बंद होऊन ट्रक अंगणात उभा राहिला, तेव्हाही येणाऱ्या-जाणाऱ्याला तू तेच सांगायचास.

मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी निळा कागद दातांत धरून चावायला लावलं. टोपी उंच लागते का, विचारलं. लागत होती! ती एकच दाढ टेकायची, बाकीचे दात अधांतरी. पण बाहेर माणसं ताटकळली होती. मी म्हटलं, “बरें आसा.”

दोन आठवडे एका बाजूने जेवले. जबडा कानापर्यंत ठणकायचा, आणि दर ठणक्याला मी छातीवर हात ठेवून बसायचे. आईने विचारलं, तिलाही तेच उत्तर. तिने पेजेची वाटी पुढे सरकवली.

“बापायसारकीच उलयता तूं,” ती म्हणाली; माझं बोलणं तुझ्यासारखंच, म्हणे. आणि उठून आत गेली. तिचे डोळे मी पाहिले, बाबा. माझ्याहून जास्त घाबरली होती ती.

आता एकच माणूस उरलाय. पोर्सेलिन एकदा चिकटवलं की काढणं सोपं नाही म्हणे. तोंड उघडं ठेवून मी खरं बोलू शकेन ना?

बोलेन. उंच लागली तर ‘उंच लागते’ म्हणेन, पुन्हापुन्हा घासायला लावेन, बाहेर कितीही माणसं असोत. आणि घरी आई ‘बरें आसा’ म्हणाली, तर तेवढ्यावर कपडे वाळत घालायला जाणार नाही. तिच्याजवळ बसेन. पुन्हा विचारेन.

नाव पुकारलं. जाते.

तुझी,
बाय