सुंदराची नवी आवृत्ती

७ जुलै, सोमवार

सव्वीस वर्षांपूर्वीची मी आज घरी आली. टाइप होऊन, दोनशे चाळीस पानांची! प्रकाशक कादंबरीची नवी आवृत्ती काढताहेत. संपादन करणारी रक्षा फोनवर म्हणाली, बाई, एकदा नुसती नजर फिरवा. फिरवली. पहिल्याच पानावर आभाळ तीनदा रडतं. चौथ्यांदा नायिका रडते, तोवर वाचणाऱ्याकडे तिच्यासाठी काही शिल्लक उरत नाही.

एका बैठकीत सतरा 'जणू' खोडले. हे पेपरातून मान वर करून म्हणाले, निंदण काढून राहिलीस का? हो म्हटलं, पीक कुठे दिसतं का बघतेय.

९ जुलै

रक्षाचा परत फोन. शेवटच्या प्रकरणाला हात लावायचा नाही म्हणते. माझी सुंदरा दिवसभर भाताची रोवणी करते आणि सांज झाली की तलावाच्या पारेवर, काठच्या उंच बांधावर बसून, सोडून गेलेल्या नवऱ्याची वाट पाहते. पाहतच राहते. कादंबरी संपते. त्यातलं एक वाक्य मागच्या कव्हरवर छापणार आहेत — 'सुंदरा पुढे पुढे रोवत गेली, मागे वळून तिने पाहिलंच नाही.' कॉलेजात त्यावर दहा गुणांचा प्रश्न येतो म्हणे.

खोटं कशाला लिहू? आरशासमोर ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा जास्त चांगलं वाटलं.

१० जुलै

मेले! मेले!

शेतीचे तपशील तपासून घ्यावेत म्हणून समोरच्या शकुनबाईंना बोलावलं. मी तुमसरच्या दुकानदाराची मुलगी. सिहोऱ्याच्या शाळेत एकोणतीस वर्षं शिकवलं, निवृत्त झाले, इथेच राहिले — पण भाताच्या बांधीतल्या चिखलात पाय कधी घातला नाही. शकुनबाईंचा जन्म बांधीत गेला. आता पासष्टीला आल्या, तरी रोवणीला जातात. आल्या, चहा घेतला, ऐकायला बसल्या. मी ऐटीत ते वाक्य वाचलं.

त्यांनी कप खाली ठेवला. मग अगदी हळू, पोराला समजवावं तसं म्हणाल्या, "बाई, पुढं पुढं कोन रोवते? मांगं मांगं सरकत रोवा लागते. पुढं गेली तं आपलेच लावलेले पऱ्हे तुडवन ना."

सव्वीस वर्षं! दहा गुण! आणि एकाही प्राध्यापकाला कळलं नाही. सगळे माझ्यासारखेच दुकानदारांच्या घरचे दिसतात.

१२ जुलै

शकुनबाईंनी बांधीवर सांगितलं. सांगणारच. आज सकाळी रोवणीच्या साऱ्या बाया आमच्या फाटकाशी थांबल्या. आनंदाबाईने गंभीर चेहरा करून विचारलं, आज कसं रोवायचं, पुढं का मागं? मी म्हटलं, आडवं रोवा. हसत हसत गेल्या. हे दोन वेळा चहा पिताना स्वतःशीच हसले. मी दखल घेतली नाही.

१३ जुलै, रविवार

आता हसू येत नाही. शकुनबाई म्हणतात, तुकडे तुकडे काय वाचता, पुरी कादंबरी ऐकवा.

गोष्ट लिहून ठेवते, निदान इथे तरी. सुंदरा म्हणजे शकुनबाईच आहेत. त्यांचा नवरा श्रावण ब्याण्णव साली कामाला म्हणून नागपूरला गेला, तो गेलाच. त्यांना न विचारता मी त्यावर कादंबरी लिहिली. त्यांना अक्षरं सही करण्यापुरतीच येतात, म्हणून निर्धास्त होते! साहित्य संमेलनात हार घालून घेतले आणि घरी येऊन त्यांच्याच हातची करंजी खाल्ली. शेवटचं प्रकरण ऐकलं तर त्यांना कळणार की मी त्यांना सव्वीस वर्षं त्या पारेवर बसवून ठेवलंय, बिचारी करून. या गावात माझी मैत्रीण म्हणावी अशी ती एकच. ती गेली तर नव्या आवृत्तीचं काय लोणचं घालू?

१४ जुलै

पस्तीस पानं वाचली. म्हशीच्या वर्णनाला त्यांनी मान डोलावली. भाड्याने आणलेल्या बैलाचा प्रसंग ऐकून म्हणाल्या, हे तं आमच्याच घरी झालतं. मला खोकला आला. बराच वेळ आला.

१६ जुलै

शेवटचं प्रकरण. मी लबाडी केली — पारेवरची पानं एकदम उलटली आणि थेट 'समाप्त' म्हटलं. शकुनबाई म्हणाल्या, दोन पानं संगंच गेली वाटते. इतकी वर्षं पोरांची लबाडी पकडली, स्वतःची एक धड करता आली नाही.

वाचलं. सगळं वाचलं. आता उठतील, जातील, परत येणार नाहीत, असं वाटत होतं.

पहिला प्रश्न आला — ती पारेवर बसली, तर ढोरांना चारा कोणी टाकला? मग म्हणाल्या, म्हशीपर्यंत मीच होती, ते मले कळलं. "पन हे म्या नाई, बाई. श्रावण गेला तं दुसऱ्या महिन्यातच त्याची खाट दिराले देऊन टाकली. वाट पाहाले मले येळ कुठं होता?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात धरला.

"वाट तं तुमी पाहात होत्या. तुमचे भैय्याजी रायपूरले होते तवा. शाळा सुटली का रोज पारेवर. मी बांधीतून पाहात होती. जवळ जाऊन बसावं वाटे. पन तुमी मास्तरीन, म्हनून आली नाई."

त्यांनी कप विसळून पालथे घातले आणि गेल्या.

१७ जुलै

चार वर्षं. त्र्याण्णव ते सत्त्याण्णव. ह्यांनी रायपूरला दुसरं घर मांडलं होतं. मी गावाला सांगितलं, धंद्याला गेलेत. सगळ्यांनी मान डोलावली, सगळ्यांना ठाऊक होतं. एका मंगळवारी हे परत आले. मी चहा ठेवला. तेव्हाही काही विचारलं नाही, नंतरही नाही. या वहीतसुद्धा कधी लिहिलं नाही. आणि दोन वर्षांनी आपलं रडणं शकुनबाईंच्या डोळ्यांतून काढून कादंबरी छापली. हार घेतले.

फार लाज वाटतेय. आणि फार वाईट वाटतंय — त्या पारेवरच्या बाईचं. पहिल्यांदाच.

१८ जुलै

एक ओळही लिहिली नाही. वरण करपलं. ह्यांनी मुकाट खाल्लं.

२१ जुलै, सोमवार

रक्षाला सांगितलं — शेवट बदलला. सुंदरा पारेवर बसत नाही. ती ढोरांना चारा टाकते, जेवते, पाय ताणून झोपते. पारेवर बसते ती गावातली मास्तरीण, जी आधी जेमतेम तीन पानं होती. तिने रडवेल्या आवाजात विचारलं, आणि कव्हरवरचं वाक्य? म्हटलं, ते पऱ्हे तुडवतं, काढून टाक. दहा गुणांचं काय ते विद्यापीठाने बघावं.

शकुनबाईंना नवं प्रकरण ऐकवलं. पसंत पडलं. एकच दुरुस्ती सांगितली — पुस्तकातली म्हैस दीड लिटर दूध देते, ते चार करा. आमची म्हैस एवढी वाईट नव्हती. केलं. मग पदराने उगाच पाटी पुसल्यासारखं टेबल पुसत म्हणाल्या, आता सांजेला पारेवर जायचं असलं तर हाक मारा, मीही येते. मी होकारार्थी मान हलवली.

२२ जुलै

पानं उद्या पाठवायची. दुपारी ह्यांनी मागितली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. "शकुनबाईची गोष्ट ना ही?"

नाही म्हटलं. माझी आहे. तुम्ही रायपूरला होतात तेव्हाची.

पानं घेऊन खुर्चीत बसले. मग चष्मा लावला. शेवटच्या प्रकरणावर आहेत.