हात सोडण्याचं पेटंट

१२ नोव्हेंबर
पेटंट मोडल्याची नोटीस आली! सायेकीनं लिफाफा फोडला – आमच्या व्हिडिओ गेमच्या कंपनीत आहोतच दोघं, तो आणि मी. वाचता वाचता थांबला, कागद माझ्याकडे सरकवला. "चिझुरूताई, तुम्हीच बघा."
संशोधक : ओतोवा रेइजी.
माझा नवरा. जाऊन तीन वर्षं झाली.

१३ नोव्हेंबर
खेळणारा अंधारात असतो. बटण दाबून सोबतिणीचा हात धरतो. ती ओढेल तसा कंट्रोलर थरथरतो – डावीकडे, उजवीकडे, थांब. रेइजीनं हे नोटीस पाठवणाऱ्या त्या मोठ्या कंपनीत असताना केलेलं. पेटंट मिळालं तेव्हा बक्षीस मिळालं होतं, आम्ही भाताबरोबर भाजलेली उनागी मासळी खाल्ली होती. मला काय माहीत नव्हतं? म्हणूनच आमच्या खेळात वेगळी वाट काढली. किती सांभाळून!

१९ नोव्हेंबर
वकीलबाई हान्यू म्हणाल्या, "हे ते पेटंट नाहीच. मे महिन्यातल्या प्रदर्शनात त्यांना तुमचा खेळ दिसला. मग त्यांनी जुन्या अर्जातूनच नवा अर्ज फोडून काढला."
"पण रेइजी तर –"
"नाव मूळ संशोधकाचंच राहतं. तारीखही जुनीच धरतात."
म्हणजे मेलेला माणूस अजून शोध लावतोय. आणि तेही माझ्या खेळाच्या मापाचे.

२० नोव्हेंबर
रेइजीच्या फोटोपुढं भात ठेवला. मोठ्यानं विचारलं – तू कुणाच्या बाजूनं?
घरात कोणी नव्हतं ते बरं.

२७ नोव्हेंबर
आज नवा अर्ज नीट समजावून घेतला. त्यांनी नेमकं काय मागितलंय? शेवटी सोबतीण स्वतःहून हात सोडते. थरथर एकदम थांबत नाही, हळूहळू विरते, आणि खेळणारा पुढं एकटा जातो.
हे माझं आहे! इस्पितळात शेवटच्या आठवड्यात त्याचा हात माझ्या हातात असायचा. तो सैल होत गेला, तसा मी तो खेळात घातला. कुणाला सांगितलंही नाही कुठून आला ते.
"चोरलं त्यांनी! प्रदर्शनात बघून!" मी ओरडलेच.
हान्यूबाई शांत. "जुन्या अर्जाच्या वर्णनात जे नाही ते नव्यात घालताच येत नाही. तिथं आहे. मी वाचलंय."
म्हणजे सहा वर्षांपूर्वी रेइजीनं लिहिलं! तेव्हा तर तो कामो नदीच्या काठानं सायकल मारत कामावर जायचा. आजार कळला तो त्यानंतर दोन वर्षांनी.
मग त्याला कसं सुचलं?

२ डिसेंबर
कंट्रोलर हातात घेववत नाही. थरथरला की वाटतं, पलीकडं कोणीतरी आहे.

११ डिसेंबर
सायेकी इरेला पेटलाय. "लढू या, ताई! उद्या हे उडी मारण्याचंही पेटंट घेतील. सगळे एकमेकांचं बघूनच तर शिकलो ना आपण? त्यांची कंपनी काय आभाळातून पडली?"
खरं आहे. रेइजीही असंच म्हणायचा – आणि तरी पेटंटच्या अर्जावर सही करायचा.
हान्यूबाई म्हणाल्या, आधीचा एखादा खेळ शोधून पेटंट उडवता येईल, पण वर्षं जातील. हात सोडणं काढलं तर ते दावा लावणार नाहीत.
वर्षं आमच्याकडं नाहीत. मी म्हटलं, "काढू या."
"शेवटच जाईल खेळाचा!" सायेकी ओरडला.
"जाऊ दे."


१८ डिसेंबर
काढलं. स्वतः खेळून पाहिलं. दार उघडतं, दोघं हात धरूनच बाहेर पडतात. सायेकी म्हणाला, "वाईट नाही." कंट्रोलर ठेवून चहा केला. कपही थरथरतोय असं वाटत राहिलं.

२४ डिसेंबर
काजितानी आले होते, रेइजीचे जुने साहेब. आता निवृत्त. मिकान संत्र्यांची पेटी पुढं ठेवून माफी मागत खाली वाकले – कंपनीच्या वतीनं नाही, स्वतःच्या, म्हणाले. मी विचारलं, हात सोडायचं त्याला सुचलं कुठून?
"वहिनी, तो अर्ज लिहिला त्या हिवाळ्यातच तर डॉक्टरांनी त्याला आजाराचं सांगितलं होतं." मग माझ्याकडं बघून चपापले. "तुमच्याशी बोलला नव्हता?"
"बोलला होता," मी म्हणाले.