चौकटीतली किल्ली

परम दयाळू, परम कृपाळू ईश्वराच्या नावाने.

मी, शौकी अब्दुल मकसूद दिरबाला, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी अरबी भाषेचा शिक्षक आणि आता काही नाही, राहणार शुब्रा, कैरो, इस्त्रीच्या दुकानावरचा तिसरा मजला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाचेही दडपण नसताना, स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. साखर वाढलेली आहे, गुडघे कामातून गेले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. गेल्या हिवाळ्यात ते ठिकाणावर नव्हते. तेव्हा रागाच्या भरात जे मृत्युपत्र केले, ते या लिखाणाने रद्द समजावे. राग आता उतरला आहे. त्याच्या जागी जे येऊन बसले आहे ते मला रात्रंदिवस टोचते आहे, आणि त्यावर लबीबच्या औषधाच्या दुकानात गोळी मिळत नाही.

कलम पहिले. मला माझी पत्नी करीमा हिच्या शेजारी पुरावे. मंडप घालून रस्ता अडवू नये. बिनसाखरेची कॉफी सर्वांना द्यावी, माझ्या माजी मुख्याध्यापकांनाही द्यावी. ते हयात असतील तर नक्की येतील, कारण फुकटची कॉफी त्यांनी आयुष्यात सोडलेली नाही.

कलम दुसरे. आमच्या धर्माच्या कायद्याप्रमाणे माझ्या मालमत्तेच्या एक तृतीयांशावरच माझी मर्जी चालते. मला मूलबाळ नाही, पत्नी गेली, भाऊही गेला. तेव्हा उरलेले दोन भाग भावाचा मुलगा हातिम याचे आहेत. हातिम एसी विकतो. त्याला माझ्याबद्दल माया आहे की नुसती सवय, हे मला कधी कळले नाही. पण उन्हाळ्यात न बोलावता येतो आणि माझा एसी साफ करून जातो, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

कलम तिसरे. हातिमची बहीण शाहिनाज हिला कायद्याने काहीच मिळत नाही, कारण भावाच्या मुलाचा हक्क लागतो, मुलीचा लागत नाही. म्हणून माझा जो एक तृतीयांश आहे तो सबंध मी तिला देतो. तो गॅलरीची खोली म्हणून द्यावा, चित्राच्या टेबलासकट आणि भिंतीवरच्या शाईच्या डागांसकट. डाग पुसू नयेत. हातिमने ती खोली विकण्याचा विचारही मनात आणू नये.

हे कलम का लिहिले, ते सांगितल्याशिवाय माझी सही होणार नाही.

शाहिनाज तांताहून चित्रकलेच्या कॉलेजसाठी आमच्याकडे आली आणि कॉलेज संपल्यावरही राहिली. करीमाच्या शेवटच्या आजारात उशापाशी तीच बसली; मला ते बघवत नसे म्हणून मी कॅफेत जात असे. नंतर घरात आम्ही दोघेच उरलो. ती दिवसभर चित्रकथा काढायची आणि फोनवरून जगाला दाखवायची. शुब्र्याच्या गच्च्यांवरची मांजरे, लिफ्टमध्ये अडकलेली नवरी, असले विषय. आणि जी जाडजूड कादंबरी मी तीस वर्षे वर्गात शिकवली, तीसुद्धा ती चौकटी पाडून काढत होती. मी म्हणायचो, "ज्याला वाचायचा कंटाळा, त्याच्यासाठी तू रेघोट्या ओढतेस." ती म्हणायची, "अम्मो," म्हणजे काका, "एकदा बघा तरी." मी बघितले नाही.

गेल्या वर्षी पेरूंचा हंगाम संपता संपता मी पहिले मृत्युपत्र केले, तिला एक तृतीयांश ठेवला, आणि जेवताना तिला तसे सांगितले. तिने मान खाली घातली आणि मुलुखियाच्या पाल्याचे सार वाढले. त्यानंतर आठवडाही झाला नसेल. कॅफेत आमच्या निवृत्त मास्तरांपैकी एकाने फोन माझ्यापुढे धरला.

"उस्ताद, हे तुम्हीच ना?"

मीच होतो. नाक माझे, पट्ट्यांचा पायघोळ गलाबिया माझा, चष्म्याला बांधलेली दोरीही माझी. चार चौकटी आणि शब्द एकही नाही. आम्ही अरबी वाचतो तसे उजवीकडून वाचू लागलो, दुसरीकडून वाचायचे असते असे आमच्यापैकी कुणाच्या सात पिढ्यांना माहीत नव्हते. पहिल्या चौकटीत म्हातारा आणि मुलगी टेबलाशी बसलेली. दुसरीत दोघांच्या हातांमध्ये एक किल्ली. तिसरीत मुलगी जिन्यात. चौथीत म्हातारा बंद दाराबाहेर पायरीवर बसलेला, एकटा.

"पुतणीनं किल्ली काढून घेतली आणि बसवलं की हो जिन्यात!" एकजण म्हणाला. "घर नावावर केलंत वाटतं, उस्ताद?"

सगळे हसले. लबीब हसला नाही, पण वाचत तोही उजवीकडूनच होता.

घरी गेलो तेव्हा ती टेबलाशी काम करत होती. मी फोनचे, चित्राचे काही बोललो नाही. कसे बोलणार? आपल्याला जिन्यात बसवलेले आपण पाहिले, हे कबूल करायचीही लाज वाटली.

"किल्ली कुणाची आहे?"

"कुठली किल्ली, अम्मो?"

"या घराची."

"तुमची."

"मग तुझ्याकडे कशी?"

"तुम्ही विसरता ना, म्हणून..." ती हसतच सांगू लागली होती.

"ठेव इथं."

तिने माझ्याकडे पाहिले. नंतर किल्ली टेबलावर ठेवली. एक बॅग भरली आणि मैत्रिणीकडे हेलवानला निघून गेली. तिला हाकलले ते कशासाठी, हे तिला आजही माहीत नाही. मी तिला भांडायलासुद्धा काही दिले नाही. दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जाऊन तिचे नाव खोडले आणि येताना स्वतःलाच शाबासकी दिली.

तिचा एक खोका मागे राहिला होता. बरेच महिने मी तो उघडला नाही. मग उन्हाळ्यात, घरात बोलायला भिंतीच उरल्या तेव्हा, उघडला. आत चित्रकथांची पुस्तके होती, जगभरची. वेळ जाईना म्हणून वाचू लागलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला वाचनाचे व्यसन लागावे आणि तेही याचे, हे करीमाने पाहिले असते तर तिने पोट धरून हसून घेतले असते. त्यात एक होते कचरा वेचणाऱ्या माणसाचे, सगळे राखाडी रंगात. एक बेकरीतल्या उंदराचे, ज्याला पिठाची ऍलर्जी होती. एकात सगळी माणसे डाव्या हाताने जेवत होती. मी चिडून ते लबीबच्या दुकानात नेले.

"हे काय रे? कुणाला वळणच नाही का? बायका, पोरं, फौजदारसुद्धा डाव्या हातानं खातोय!"

लबीबने चष्मा वर केला. "उस्ताद, हे परदेशी पुस्तक. आपल्याला उजवीकडून वाचता यावं म्हणून पान आरशासारखं उलटवून छापतात. माणसं बिचारी मूळची उजव्या हातानंच खाणारी."

मी खूप हसलो. हसलो याची आता शरम वाटते, कारण तेव्हाच कळायला हवे होते.

पुढच्या आठवड्यात एक बिनशब्दांचे पुस्तक वाचले आणि भारावून गेलो. त्यात एका म्हाताऱ्याच्या ताटातला तळलेला मासा कढईत जातो, कढईतून जाळ्यात, जाळ्यातून समुद्रात, आणि पोहत निघून जातो. मी लबीबला म्हणालो, "ही खरी प्रतिभा! मृत्यूवर मात केलीय पठ्ठ्यानं."

लबीबने पुस्तक हातात घेतले, कडेकडेने पाहिले आणि फार हळू म्हणाला, "उस्ताद, हे उलटवलेलं नाही. हे डावीकडून वाचायचं. हा नुसता मासा पकडून जेवणारा माणूस आहे."

एकाच वेळी दोघांनाही कॅफे आठवला. मी म्हणालो, "फोन काढ."

चार चौकटी. या वेळी डावीकडून. म्हातारा बंद दाराबाहेर पायरीवर बसला आहे. मुलगी जिना चढून येते आहे. मुलगी किल्ली म्हाताऱ्याच्या हातात देते आहे. दोघे टेबलाशी बसली आहेत. चित्र तेच, रेघ तीच, हात तेच. तरीही मी म्हणालो, "कशावरून? आपण पाहिलं ते कशावरून चूक?" माणूस स्वतःची बाजू सोडत नाही. लबीबने बोट ठेवले. पायरीवर म्हाताऱ्याजवळ पेरूंनी भरलेली पिशवी आहे. टेबलावर ताटलीत पेरूच्या फोडी आहेत आणि पिशवी रिकामी, चुरगळून पडली आहे. खाल्लेले पेरू कुणी पिशवीत परत भरत नाही.

मग सगळे आठवले. गेल्या शरदात मी पेरू घ्यायला बाहेर पडलो आणि किल्ली आत राहिली. गुडघ्यांनी खाली जाववेना, म्हणून पायरीवर बसून राहिलो. ती बाहेरून आली, जिन्यातूनच मला पाहिले आणि हसत ओरडली, "अम्मो, किल्ली विसरलात?" स्वतःची किल्ली माझ्या हातात ठेवली, म्हणाली, "दार तुम्हीच उघडा, घर तुमचं आहे." मग आम्ही पेरू खाल्ले. एवढे साधे होते. तिने ते चित्र माझ्यावर माया म्हणून काढले होते आणि मी त्यात माझा अपमान शोधून काढला. कावीळ झालेल्याला सगळे पिवळे दिसते म्हणतात. मी तर तीस वर्षे पोरांना नीट वाचायला शिकवत होतो.

खोक्यातली तिची पाने नंतर पुन्हा पाहिली. शब्द असलेली सगळी उजवीकडून चालतात, बिनशब्दांची सगळी डावीकडून. ती बघणारी मंडळी ट्यूनिसपासून मार्सेपर्यंत पसरलेली आहे, आणि त्यातली अरबी न येणारी सगळी डावीकडूनच वाचतात. मी कधी विचारले असते तर तिने एका वाक्यात सांगितले असते.

खोक्याच्या तळाशी कादंबरीची तिची पेन्सिलने काढलेली पाने होती, अर्धवट. त्या कादंबरीत आजीच्या मृत्यूचे प्रकरण आहे. ते मी वर्गात तीन तास समजावीत असे, अलंकारांसकट. शाहिनाजने ते एका चौकटीत काढले आहे. दाराबाहेर चपलांची रांग, लोक आपापल्या चपला घालून निघालेले, आणि शेवटी एक जोड तसाच उरलेला. ते पान मांडीवर घेऊन मी रडलो. करीमाच्या सपाता अजून आमच्या दाराशी आहेत. त्या तिने पाहिल्या होत्या. मी रोज ओलांडून जात होतो.

एकदा फोन केला. ती म्हणाली, "अम्मो? बरे आहात ना?" आवाजात राग नव्हता, काळजी होती. तेच सोसले नाही. मी म्हणालो, "हेलवानला पेरू आलेत का?" ती म्हणाली, "पेरू?" मी फोन ठेवून दिला.

कलम चौथे. कादंबरीची माझी प्रत, समासातल्या माझ्या टिपांसकट, शाहिनाजला द्यावी. तिने त्यावर खुशाल चित्रे काढावीत. टिपा आड आल्या तर त्यांच्यावरूनच काढावीत.

कलम पाचवे. डाव्या हाताने जेवणाऱ्यांचे पुस्तक लबीब तादरोस यांना.

कलम सहावे. इस्त्रीवाला अब्दुल आल याने माझ्या लोकरी कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा ठसा उमटवला आणि सोळा वर्षे तो "मुळातच होता" असे सांगत आला. मी त्याला माफ करतो. कोटही त्यालाच द्यावा, म्हणजे ठसा त्याच्याच पाठीवर राहील.

एवढे लिहून मी लबीबला वाचून दाखवले. तो म्हणाला, "सुरेख आहे. पण उस्ताद, मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. म्हणजे माफी मागायला तुम्ही हजर नसणार. सोयीचं आहे."

लबीब असाच आहे. मला राग आला, पण रात्रभर झोप आली नाही ती रागाने नव्हे. म्हणून आज सकाळी हातिमला बोलावले आणि घराची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"ही तुझ्या बहिणीला दे. हेलवानला जा, आत्ता."

"आणि तुम्ही?"

"मी दार ओढून घेतो आणि इथं बसतो."

"अम्मो, वेड लागलंय का? दुसरी किल्ली कुठाय?"

"दाराच्या आत, घरातच."

"आणि ती आलीच नाही तर?"

मी त्याला पिशवी दाखवली. "तर मला हे पेरू एकट्याला संपवावे लागतील."

"साखर किती आहे तुमची?"

"म्हणून तर तिला यावं लागेल."

त्याने डोक्याला हात लावला, पण गेला. जाताना जिन्यातून ओरडून म्हणाला, "खोली विकणार नाही, चिंता करू नका!" म्हणजे त्याला माझ्याबद्दल मायाच आहे, अशी नोंद मी येथे करतो.

हे शेवटचे पान पायरीवर बसून लिहिले आहे. अब्दुल आलने खालून चहा पाठवला. कोटाबद्दल त्याला अजून सांगितलेले नाही. पेरू चांगले पिकलेले आहेत, अजून एकही खाल्लेला नाही. येथपर्यंतचे सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, आणि याखाली मी राजीखुशीने सही करीत आहे.

स्थळ: शुब्रा, कैरो, तिसऱ्या मजल्याचा जिना, माझ्या बंद दारासमोर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१८

सही: शौकी अब्दुल

मकसूद दिरबाला

साक्षीदार:
१. लबीब तादरोस, औषधविक्रेते
२. अब्दुल आल, इस्त्रीवाला (निशाणी अंगठा)

साक्षीदार क्रमांक एक यांची नोंद: वरील सही दोन तुकड्यांत आहे, याची कुणी शंका घेऊ नये. सही अर्धी झाली असताना जिन्यातून हाक आली, "अम्मो, पुन्हा किल्ली विसरलात?", आणि लिहून देणारे उठून उभे राहिले. उरलेली सही त्यांनी नंतर, घरात, टेबलाशी बसून केली. कागदावर पेरूचे डाग आहेत ते तेव्हाचे. सही त्यांचीच आहे.