बेंबळीच्या चिंचेबाबत

शिवम्मा परवा बेंबळीहून आल्या, उंबऱ्यातच बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमी गेल्यावर त्या नक्श्याचं खरंखोटं कोन सांगनार?" पुढच्या महिन्यात त्यांच्या विहिरीची फेरसुनावणी आहे. तोवर माझे काळीज टिकेलच असे सोलापूरचे डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मी द्वारकाबाई नरहर नळेगावकर, वय छप्पन्न, राहणार तुळजापूर, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. पुण्याच्या कॉलेजात शिकले त्याला पस्तीस वर्षे झाली. बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दाब नाही. एका बाबतीत मात्र माझा गोंधळ आहे. तो लपवला तर हा कागद खोटा ठरेल, म्हणून तोही लिहिते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक पुतणी सिताबाई हिला. जावयांनी माजघरात तंबाखूची पोती रचू नयेत. पुस्तके वाळवीपासून वाचवली, ती तंबाखूच्या वासासाठी नव्हे.

२. मॅक्रेसाहेबांचे कुंचले, रंगांची पेटी आणि चित्र टेकवायची तिवई बैलगाड्या रंगवणाऱ्या बिरूला. तो त्यांना 'मकरेसाहेब' म्हणे आणि त्यांच्या निळ्या रंगावर त्याचा डोळा होता. खुशाल बैलांच्या शिंगांना लावावा.

३. हे साहेब कोण, ते इथे नोंदवते, कारण त्यांच्यामागे सांगणारे कोणी नाही. यूअन मॅक्रे, स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले, मेंढपाळाचे पुत्र. एडिंबरोस चित्रकला शिकले. तिथे चित्रे खपली नाहीत, म्हणून सोलापूरच्या एका गिरणीत कापडाच्या ताग्यांवरची लेबले रंगवायला आले. एकदा सुट्टीत घाट चढून तुळजापुरात उतरले आणि लेबले सोडली. एकोणीस वर्षे आमच्या शेजारी भाड्याने राहिले आणि माळ, ओढे, बांध रंगवले. माणूस एकाही चित्रात नाही. तीन वर्षांपूर्वी हिवतापाने गेले. चित्रे माझ्या नावे लिहून ठेवली होती.

शिवम्मांशी विहिरीचा वाद असलेल्या बलभीमरावांच्या पत्नी मला 'सायबाची बाई' म्हणतात. त्यांना या मृत्युपत्रात काही नाही, उत्तर तेवढे आहे: आमच्यात चहा होता आणि मराठी व्याकरणावरून भांडणे होती.

४. आता माझी चूक. लोकांच्या रानात बसून चित्रे काढायला साहेबांना परवाना हवा होता. निजामाच्या कचेरीत अर्ज उर्दूत करायचा, आणि उर्दू आमच्या गल्लीत मलाच येते असा माझा तोरा. 'तसवीर' लिहावे तर माणसांची तसवीर समजतील, आणि रानातल्या बायकांवरून ओरड होईल. म्हणून मी 'नक्शा', म्हणजे नकाशा, असे लिहिले. परवाना 'नक्शा काढणारे' असाच आला. पुढे साहेब प्रत्येक चित्र कचेरीत दाखवत, आणि पाठीवर 'नक्शा, मौजे बेंबळी' असा शिक्का बसे. आम्ही दोघे त्यावर हसत असू.

५. बेंबळीत बलभीमराव आणि शिवम्मांचे यजमान शांतलिंग यांच्या रानांमध्ये हद्दीवर एक चिंच होती. पूर्वेला शांतलिंगांचे रान, पश्चिमेला बलभीमरावांचे. पुढे वादळात चिंच पडली, बुंधाही लोकांनी जळणाला नेला. मग विहीर चिंचेच्या कोणत्या अंगाला होती, यावरून वाद लागला. बलभीमरावांना साहेबांनी एक चित्र भेट दिले होते. त्यात विहीर पश्चिमेला आहे. पाठीवर शिक्का. ते त्यांनी सुनावणीत अंमलदारांपुढे ठेवले. साहेब तोवर गेले होते, म्हणून अंमलदारांनी मला विचारले, "हा नक्शा साहेबांचाच?" मी म्हणाले, "होय." एवढा एकच शब्द. विहीर बलभीमरावांकडे गेली. शांतलिंग त्याच साली वारले. शिवम्मा ओढ्यात झरा उकरून पाणी भरतात.

नंतर मी बलभीमरावांकडे गेले. ते चित्र आहे, नकाशा नव्हे, असे समजावले.

ते म्हणाले, "सरकारी शिक्का खोटा म्हनता व्हय, बाई? अन् अर्ज कुनी लिवला होता?"



६. मला पक्के माहीत आहे ते असे. चित्र चालू असताना मी छत्री धरून शेजारी बसले होते. साहेब म्हणाले, "बाई, चिंच थोडी सरकवतो. नाहीतर चित्र कलते."

"साहेब, झाडाला मुळे असतात," मी म्हणाले.

"चित्राला पण," ते म्हणाले.

पण त्यांनी चिंच कोणत्या बाजूला सरकवली, आणि कोणत्या चित्रात? त्या एका हिवाळ्यात त्यांनी ती जागा चार वेळा रंगवली. रोज आठवते आणि रोज वेगळे आठवते. साहेबांच्या पश्चात त्यांच्या बहिणीला मी तामलवाडीच्या माळाचे एक चित्र पाठवले होते. तिचे पत्र आले, 'ही तर आमच्या घरामागची दरी. तुमच्याकडे कशी?' तेव्हापासून एकोणीस वर्षे त्यांनी आमचा मुलूख पाहिला की त्यांचा, हेही मला सांगता येत नाही.

७. म्हणून बेंबळीची माझ्याकडची तिन्ही चित्रे शिवम्मांना. मरणाची वाट न पाहता आजच देते. विहीर शिवम्मांचीच, असे मी लिहून देऊ शकत नाही. मला ते माहीत नाही. 'नक्शा' हा शब्द माझा, आणि तो चुकीचा होता, हे मी शपथेवर लिहून देते. चित्रे अंमलदारांनी शेजारी शेजारी मांडून पाहावीत.

मुक्काम तुळजापूर, ता. ११ मार्च १९४६, सन १३५५ फसली.
सही: द्वारकाबाई नरहर नळेगावकर
साक्षीदार: शरणप्पा, किराणा दुकानदार (सही), नागप्पा, शाळेचे शिपाई (अंगठा)

पोच. आज रोजी साक्षीदारांसमक्ष शिवम्मा शांतलिंग, राहणार बेंबळी, यांना दिले:
चित्र एक: विहीर चिंचेच्या पूर्वेला. पाठीवर शिक्का.
चित्र दुसरे: विहीर चिंचेच्या बरोबर खाली. पाठीवर शिक्का.
चित्र तिसरे: विहीर नाही. तिच्या जागी मोठे तळे, त्यावर धुके. त्या रानात तळे कधी नव्हते. पाठीवर शिक्का.
साहेबांच्या बहिणीचे पत्र एक, माझ्या मराठी तर्जुम्यासह.
शिवम्मांनी विचारले, "ह्यातलं खरं कोन्तं, बाई?"  मग त्यांनी तिन्ही घेतली.
अंगठा: शिवम्मा